फोमचं पॅड, मेणाचा डबा आणि पत्र्याची शेड

पुणे–नाशिक महामार्गाने मंचर सोडलं की कळंब, नारायणगाव, आळेफाटा अशा ओळीने वॉशिंग सेंटरच्या पाट्या लागतात. पुढे पाण्याचा फवारा आणि फेस, मागच्या भिंतीवर ‘बफिंग, पॉलिश, कोटिंग करून मिळेल’. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गाडी चमकवण्याच्या कामाला पिकांसारखेच हंगाम आहेत. दसऱ्याआधीचा आठवडा, दिवाळी, लग्नतिथी आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून शर्यतींचे घाट पुन्हा भरू लागले, आणि बोनेटमध्ये तोंड दिसेल अशी गाडी घाटावर नेण्याची हौस इथे भरपूर आहे. दोन हंगामांच्या मधे मात्र मशीन खुंटीला लागतं आणि पॅड, कंपाउंड, मेणाचे डबे फळीवर जातात. माझं म्हणणं असं, की गाडीची चमक निम्मी त्या फळीवरच ठरते.

हे पटायला रंगाची जाडी लक्षात घ्यावी. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. बफिंग म्हणजे याच थराचा अगदी वरचा पापुद्रा झिजवून ओरखड्यांच्या कडा बोथट करणं. खराब पॅडने नवे ओरखडे उठले की ते घालवायला पुन्हा तोच थर झिजवावा लागतो, आणि झिजलेला थर परत येत नाही.

बफिंग करताना पॅडला लावायच्या कंपाउंडमध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. कठिणतेच्या मोह्ज मापावर ते ९ वर, तर वाळूतली गार ७ वर. कठीण कण रंगावर चालतो आणि त्याहून मऊ वाळू चालत नाही, हे कसं? कारण कंपाउंडमधले कण अतिशय बारीक आणि एकसारख्या आकाराचे असतात. वाळूचा एखादाच कण मोठा निघतो आणि तोच नांगरत जातो. आपल्याकडे तर सगळी जमीनच काळ्या पाषाणाची. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्रीची लेणी ज्या दगडात कोरली, त्याचीच धूळ खडी-क्रशर आणि रस्त्यांवरून उडून उघड्या फळीवर बसते.

आणखी एक गोष्ट याच मातीतली. जुन्नर तालुक्यात बोरी इथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयावर संशोधकांत मोठा वाद झाला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी तिच्यावर बरंच काम केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या राखेत काचेच्या धारदार कपच्या दिसतात. ज्वालामुखीची अशीच काच, प्युमिस, लाकूड आणि धातू घासायला शतकानुशतकं वापरली गेली. घासायच्या पदार्थाचा एवढा जुना साठा नदीकाठी असलेल्या तालुक्याने पॅडवरच्या धुळीकडे काणाडोळा करू नये.

आता पॅड. फोमचं पॅड पॉलियुरेथेनचं असतं, आरपार छिद्रांचं. काम संपलं की त्या छिद्रांत कंपाउंड आणि झिजलेल्या रंगाची पूड अडकून राहते. ती ओली असताना कोमट पाण्यात आणि सौम्य साबणात निघते. रात्रभर तशीच राहिली तर सकाळी तिची खरबरीत खपली झालेली असते. म्हणून पॅड त्याच दिवशी धुवावं. धुताना पिळू नये, फोम फाटतो; दोन तळव्यांत दाबून पाणी काढावं. मग स्वच्छ बादलीच्या आत मशीनवर लावून कमी वेगाने फिरवलं की उरलेलं पाणी झटकलं जातं. रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये पॅड बुचकळण्याची सवय काही गॅरेजांत आहे. त्याने मळ झटकन निघतो खरा, पण फोम फुगतो आणि वेलक्रो धरून ठेवणारा डिंक सुटतो.

वाळवण्याचं शास्त्र इथल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवायला नको, कारण पॅडची फळी ही लहानशी कांदाचाळच आहे. खालून वारा, वरून सावली आणि एकावर एक ढीग नाही. लाकडी फळीऐवजी तारेची जाळी घ्यावी. फोमची बाजू खाली आणि वेलक्रोची वर ठेवली की ओल खाली उतरते, डिंकाच्या थरात मुरत नाही. उन्हात मात्र कधीच नाही. उन्हाने पॉलियुरेथेन पिवळं पडतं, मग बोट लावलं तरी भुगा होतो.

पूर्ण वाळल्यावरच पॅड झिपच्या पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात जावं. ‘पूर्ण’ या शब्दावर माझा फार भर आहे. माळशेज आणि आहुप्याच्या बाजूला पावसाळ्यात भिंतीही घाम सोडतात. आणे-बेल्ह्याच्या पठारावर त्याच दिवसांत ढग नुसते वरून जातात. या दोन तालुक्यांतच हवा इतकी बदलते, म्हणून बाहेरून कोरडं वाटणारं पॅड पश्चिम पट्ट्यात आत ओलं असू शकतं, आणि बंद पिशवीत त्याला आठवड्यात बुरशी धरते. कंपाउंडचं, पॉलिशचं आणि मेणाचं पॅड वेगवेगळ्या पिशवीत ठेवावं आणि पिशवीवर मार्करने लिहावं. रंग लक्षात राहतो असं वाटतं, पण पोरं बदलतात आणि कंपन्यांचे रंगही एकसारखे नसतात.

सर्वांत जास्त पॅड मरतात ती मशीनवर. काम झालं की मशीन पॅडवरच टेकवून ठेवतात. त्या वजनाने फोम एका बाजूला दबतो आणि पुढच्या वेळी मशीन थरथरतं. ती थरथर कारागिराला हातात कळते, रंगाला ओरखड्यात. पॅड लगेच सोडवावं, एवढाच उपाय.

लोकरीच्या पॅडला घोंगडीचेच शत्रू, कसर आणि उंदीर. ब्रशने तंतू मोकळे करून ते घट्ट झाकणाच्या डब्यात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याबरोबर ठेवावं.

मेणाबद्दल गैरसमज बराच आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये डबा ‘वितळला’ असं म्हणतात. चांगल्या मेणाचा कणा असलेलं कार्नोबा ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरून निघतं आणि ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं. मधमाशीचं मेणही ६२ अंशांपर्यंत टिकतं. शेडमधला पारा तिथवर जात नाही. उष्णतेने मऊ होतात ती डब्यात मिसळलेली तेलं, आणि उडून जातो तो पातळ करणारा द्रव. तेल वर येतं, खालचं मेण आखडून तडकतं आणि लावताना गठ्ठे पडतात. म्हणून झाकण घट्ट, डबा जमिनीलगतच्या थंड कोपऱ्यात, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. तो द्रव पेट घेणारा असतो, तेव्हा वेल्डिंगच्या ठिणगीपासूनही लांब. वापरलेलं पॅड डब्यात बुडवू नये. स्वच्छ पट्टीने मेण काढून पॅडला लावावं, नाहीतर एका गाडीची वाळू पुढच्या सगळ्या गाड्यांना मिळते.

पातळ पॉलिशच्या बाटल्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या की कण तळाशी बसतात, त्यामुळे वापरण्याआधी चांगल्या हलवाव्यात. सिरॅमिक कोटिंगची फोडलेली बाटली हवेतल्या दमटपणानेच घट्ट होऊ लागते. तोंडाशी पांढरे खडे दिसले की ती गाडीवर नेऊ नये. कोटिंग पुसलेलं कापडही धुऊन पुन्हा वापरायच्या लायकीचं राहत नाही, ते कडक होतं.

इथल्या वॉशिंग सेंटरवाल्यांना आणि घरीच गाडी चमकवणाऱ्यांना एक विनंती. घटस्थापनेच्या आसपास, गर्दी सुरू होण्याआधी, फळीवरचं प्रत्येक पॅड हातात घ्या. अंगठ्याने दाबा, फोम लगेच वर आला, कडा शाबूत असल्या आणि वेलक्रो घट्ट असला तरच ते ठेवा. बाकीची टाकून द्या. नव्या पॅडला काही शे रुपये लागतात, बोनेट नव्याने रंगवायला काही हजार.