हुकूम वरचा, कारभार शेजाऱ्यांचा

वळू आणि खच्ची बैल यांतला फरक नेवासे तालुक्यात शाळकरी पोरालाही कळतो. तो फरक वृषणातल्या टेस्टोस्टेरॉनचा. ते बनवणाऱ्या पेशींचे वर्णन फ्रान्झ लायडिग यांनी १८५० मध्ये केले. मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचे एलएच हे संप्रेरक या पेशींना हुकूम देते. पण डुकराच्या वृषणपेशी काचपात्रात वाढवल्यावर दिसले, की तो हुकूम किती मानला जाईल हे शेजारपाजारच्या पेशींतून पाझरणारे वृद्धिघटकही ठरवतात. आयजीएफ-१ मुळे एलएच ओळखणारे ग्राहक वाढतात, टीजीएफ-बीटामुळे घटतात.

नर डुकराच्या मांसाला उग्र वास देणारे अँड्रोस्टेनोनही याच पेशींत बनते, म्हणून पिलांवर सुरी चालते. आता लस निघाली आहे. पण तीही वरचा हुकूमच अडवते. शेजाऱ्यांशी बोलणे अजून बाकी आहे.