हेडफोनचे छोटे त्रास, साधे उपाय

खिशात ठेवलेली इअरफोनची वायर हमखास गुंततेच. याचे कारण २००७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या संशोधकांनी तपासले. त्यांनी दोऱ्या डब्यात घालून डबा फिरवला. सुमारे ४६ सेंटिमीटरहून आखूड दोरीला जवळजवळ गाठी पडल्याच नाहीत. लांब, लवचीक दोरीला मात्र काही सेकंदांत पडल्या. ताठ दोरी कमी गुंतली. चटकन न वळणारी चपटी वायर म्हणूनच सोयीची ठरते.

दुसरा त्रास वायर तुटण्याचा. पिनेजवळ ती एकाच जागी वारंवार वाकते आणि आतल्या तांब्याच्या बारीक तारा थकून तुटतात. तिथे लवचीक रबरी बाही दिली की बाक लांबवर विभागला जातो. काटकोनी पिनेमुळे खिशातला ताणही कमी होतो.

तिसरा त्रास डावी-उजवी बाजू ओळखण्याचा. हेडफोनच्या डाव्या बाजूवर उंचवटा असला, तर अंधारात आणि दृष्टिहीनांनाही बाजू बोटांनी ओळखता येते.

खरेदी करताना आवाजाबरोबरच वायर आणि कानाच्या गाद्या बदलता येतात का, हेही विचारा. त्या बदलता आल्या, तर हेडफोन वर्षानुवर्षे टिकतो आणि कचराही कमी होतो.