सरळ रस्त्याची गाडी आणि वळणांचा मुलूख

सातारा-सांगलीकडील खेड्यांत ‘क्रूझर’ म्हटले की अजूनही लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेली जीपच डोळ्यांसमोर येते. ती जीप फोर्स मोटर्सची, म्हणजे फिरोदिया घराण्याची. त्याच घराण्याच्या कायनेटिकने या शतकाच्या आरंभी कोरियाच्या ह्योसंग कंपनीशी सहकार्य करून ‘अक्विला’ नावाची २५० सीसीची क्रूझर मोटारसायकलही आणली होती. ती बाजारात फार काळ टिकली नाही. सर्वसामान्यांना या प्रकाराची खरी ओळख करून दिली ती बजाजने. कावासाकीच्या रचनेवर आधारलेली ‘एलिमिनेटर’ २००१ मध्ये आली आणि २००५ मध्ये तिचाच वारसा घेऊन ‘ॲव्हेंजर’ अवतरली.

आज सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर अशा गाड्यांवर दोन तऱ्हांचे स्वार दिसतात. एक, नुकती नोकरी लागलेला तरुण. दुसरे, निवृत्तीची रक्कम हाती आलेले, मुले मार्गी लागलेली आणि तारुण्यातील राहून गेलेली हौस आठवलेली असे साठीच्या आसपासचे गृहस्थ. दोघेही बहुधा गाडी पाहून गाडी निवडतात. वास्तविक आधी रस्ता पाहावा, मग स्वतःची पाठ, आणि शेवटी गाडी.

क्रूझर जन्मली अमेरिकेच्या लांबलचक, सरळ रस्त्यांसाठी. तिचा पुढचा काटा अधिक तिरका, दोन चाकांतील अंतर अधिक, आसन बुटके, हँडल रुंद आणि पाय पुढे पसरलेले. इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांतच मिळतो, त्यामुळे वारंवार गिअर बदलावे लागत नाहीत. सरळ मार्गावर ती संथ आणि स्थिर चालते. मात्र पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला असता स्वाराला पायांवर जोर देऊन अंग उचलता येत नाही. साध्या मोटारसायकलवर जो धक्का गुडघे झेलतात, तो येथे थेट माकडहाडावर येतो. कंबरेचे जुने दुखणे असलेल्याने ही एक गोष्ट विसरू नये; दुकानातील विक्रेता ती सांगत नाही.

सांगली-मिरज, तासगाव, पलूस हा भाग बहुतांशी सपाट. कुंडलला पार्श्वनाथाच्या दर्शनास जावे, कुंभोजच्या बाहुबलीस जाऊन दुपारपर्यंत परतावे, अशा फेऱ्यांना क्रूझर उत्तम. तिचे शत्रू येथे दोनच: प्रत्येक गावाच्या वेशीवरचे गतिरोधक, आणि गळिताच्या हंगामात अंधारात मागे दिवा नसलेल्या दुहेरी ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. उसाच्या दिवसांत सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचावे, हे कोणत्याही गाडीच्या स्वाराला लागू. परंतु लांब गाडी ऐनवेळी चटकन वळवता येत नाही, म्हणून क्रूझरवाल्याला अधिकच.

साताऱ्याची गोष्ट निराळी. तेथे रविवार म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून कास, नाही तर वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी. अवघड वळणावर गाडी झुकवावी, तर बुटक्या गाडीचे पायदान रस्त्याला घासते आणि नवखा स्वार दचकून ब्रेक दाबतो. धुके आणि ओला रस्ता असेल तर हा दचका जिवावर बेततो. शिवाय सातारा शहरच अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले. उताराकडे तोंड करून उभी केलेली जड गाडी मागे ओढणे हे साठीच्या माणसाचे काम नव्हे.

म्हणून वजन पाहावे. ॲव्हेंजर २२० क्रूझ सुमारे १६३ किलोची आणि तिचे आसन जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर. बेताच्या उंचीच्या पुरुषाचे आणि स्त्रियांचेही पाय सहज टेकतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेली रॉयल एनफील्डची मीटिऑर ३५० ही १९१ किलोची, आसन ७६५ मिलिमीटरवर. याच कंपनीची २०२३ ची सुपर मीटिऑर ६५० तब्बल २४१ किलोची. ती पुणे-बंगळूर महामार्गावर शोभते. गल्लीत आडवी झाली तर उचलण्यास दोन शेजारी बोलवावे लागतात. ज्याला वर्षातून चार वेळा दूरचा प्रवास करावयाचा आहे आणि ज्याचे गुडघे धड आहेत, त्याने तिचा विचार करावा. घाटाच्या माणसाला पायदाने मध्यभागी असलेली, हँडल आटोपशीर असलेली ‘स्ट्रीट’ धाटणीची गाडीच बरी. जावा पेराकसारखी ‘बॉबर’ दिसायला राजस खरी. परंतु तिला मागचे आसनच नाही. गृहस्थाश्रमी माणसाने असली गाडी घरी आणण्यापूर्वी पत्नीशी बोललेले बरे.

हिशेबाचीही एक रेषा आहे, ती ३५० सीसीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरील गाड्यांवर मात्र तो ४० टक्के झाला. मीटिऑर ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे, म्हणजे ती रेषेच्या अलीकडे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ताही १५० ते ३५० सीसीच्या गाडीस १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक. निवृत्तीच्या ठेवी मोडून ६५० सीसीची गाडी घेणाऱ्याने निदान हे आकडे कागदावर मांडून पाहावेत. तरुणानेही केवळ कर्जाच्या हप्त्याकडे न पाहता टायर, विमा आणि इंधन त्यात मिळवावे.

पोशाखाविषयी एक शब्द. चित्रपटांनी क्रूझर आणि चामड्याचे जाकीट यांची जोडी जमवून दिली आहे. कृष्णाकाठच्या उन्हाळ्यात ते अंगावर ठेवणे म्हणजे तपश्चर्याच, आणि अनेक जैन घरांत तर चामडे वर्ज्यच. कोपरांना व खांद्यांना संरक्षक गाद्या असलेली जाळीदार कापडी जाकिटे मिळतात. सामानासाठी कॅनव्हासच्या पिशव्या मिळतात. हेल्मेट मात्र दोन घ्यावीत. कायद्याने मागे बसणाऱ्यालाही ते आवश्यक आहे.

दुकानदार चाचणीसाठी गाडी देतो ती बहुधा समोरच्या सपाट रस्त्यावर, पाच मिनिटे आणि एकट्याला. अर्धा तास मागून घ्यावा. सांगलीकराने वाटेत चार-पाच गतिरोधक येतील असा गावचा रस्ता धरावा. सातारकराने पत्नीला मागे बसवून यवतेश्वराच्या पहिल्या काही वळणांपर्यंत जावे, तेथे गाडी थांबवावी आणि चढावरच ती वळवून पाहावी.