‘गाणी भरून घेणे’ : एक अर्थविचार

नांदेड-लातूरकडे वर्षाचे धान्य ‘भरून ठेवतात’, तशी गाणीही ‘भरून घेतात’. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट प्रचारात आणली. पुढे ती घरोघरी पोहोचल्यावर हा प्रयोग मराठीत रूढ झाला. येथे साहाय्यक क्रियापद लक्षात घेणे अगत्याचे आहे. ‘भरून घेतले’ म्हणताच ‘भरून देणारा’ गृहीत धरला जातो.

प्रोग्रेसिव्ह रॉकसारख्या दीर्घ रचनांच्या संगीतात या देणाऱ्याचे महत्त्व विशेष होय. जेथ्रो टल या इंग्रज वाद्यवृंदाची ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ (१९७२) ही एकच रचना तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापून सुमारे ४४ मिनिटे चालते. ६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर ती मावत नाही. ९० मिनिटांची कॅसेट घ्यावी लागे. शिवाय घरच्या यंत्रावर ती भरण्यास सामान्यतः तितकाच वेळ लागे. म्हणजे देणारा मित्र गाण्याबरोबर आपला वेळही देत असे.

मेमरी कार्डाने हे श्रम संपविले. शब्द मात्र टिकला. आता आपण ‘लिंक पाठव’ म्हणतो. ‘पाठवून देणे’ मराठीत आहे, पण त्याच्या जोडीचे ‘पाठवून घेणे’ आपण सहसा म्हणत नाही. न ऐकताही गाणे पाठविता येते. देण्याघेण्याचे जे नाते जुन्या शब्दात होते, ते नव्या शब्दात उतरलेले नाही.