सर्वांत मोठी बोली हरते तेव्हा

ओतूरला किंवा आळेफाट्याला कांद्याचा लिलाव पाहिलाय? गोळा कांदा समोर असतो, दहा किलोचा भाव पुकारला जातो, बोली चढत जाते आणि वरच्या बोलीवाल्याच्या नावावर माल तुटतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींचाही लिलावच होतो. विकली जाते ती फोन बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढची जागा. पुण्यात कुणी बसमध्ये बसून फोन उघडला की त्या एका जागेसाठी पापणी लवायच्या आत लिलाव होऊन मोकळा! आणि तिथं वरची बोली लावणारा चक्क हरू शकतो.

कारण लिलाव चालवणारं फेसबुकचं यंत्र नुसती बोली बघत नाही. समोरचा माणूस या जाहिरातीवरून काही करेल, म्हणजे मेसेज पाठवेल, फोन करेल, याची शक्यता किती, ते आजमावून ती बोलीशी गुणतं आणि त्यात जाहिरातीच्या दर्जाची भर घालतं. बेरीज ज्याची मोठी, जागा त्याची. त्यामुळे जुन्नरच्या द्राक्षबागेतल्या दोन खोल्यांची जाहिरात महाबळेश्वरच्या बड्या हॉटेलला मागे टाकू शकते; बघणाऱ्याला द्राक्षं हवी असली म्हणजे झालं. भरायची रक्कमही आपल्या बोलीइतकी नसते. आपण आल्यामुळे इतरांचं किती हुकलं, त्यावर ती ठरावी, हा यामागचा विचार. त्याचा पाया विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये घातला, १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नवख्याला तर बोलीचा आकडाही टाकावा लागत नाही. दिवसाचा खर्च सांगायचा, बोली यंत्र लावतं.

जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, पलीकडे भीमाशंकर. शेतावर पाहुणे उतरवणाऱ्यांना जाहिरात हवीच. ती कुठे दिसावी हे ठरवताना नकाशावर टाचणी रोवून भोवती जास्तीत जास्त ८० किलोमीटरचं वर्तुळ काढता येतं. ते जुन्नरला काढून बघा. अंतर हवाई असल्यामुळे मधला सह्याद्री त्याच्या खिजगणतीत नाही. दक्षिणेला पुणं जेमतेम आत येतं, पश्चिमेला वर्तुळाची कड नाणेघाट ओलांडून थेट कल्याणच्या आसपास टेकते. सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांतला माल याच घाटाने वर जुन्नरला यायचा! मुंबई मात्र बाहेर राहते, तिला वेगळी टाचणी लावायची.

आता सावधगिरी. नव्या खात्याला इतिहास नसतो, म्हणून यंत्र त्याच्याकडे संशयाने बघतं आणि सुरुवातीला दिवसाच्या खर्चावर मर्यादाही घालू शकतं. खातं खऱ्या नावाने, स्वतःच्या नंबरवरून उघडा आणि दुहेरी पडताळणी त्याच दिवशी सुरू करा. आपल्याकडची सगळ्यात मोठी खोट अशी, की ‘डिजिटलचं बघणाऱ्या’ ओळखीच्या पोराला सगळं सोपवलं जातं आणि तो फेसबुकचं पेज स्वतःच्याच नावावर काढतो. पोरगा नोकरीला मुंबईला गेला की पेजही गेलं. त्याला जाहिराती चालवण्यापुरता प्रवेश द्या. पूर्ण ताबा तुमच्याकडे आणि घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाकडे.

पैसे यूपीआयने आगाऊ भरता येतात. खर्चायचे असतील तेवढेच भरा, नाहीतर खात्याला एकूण खर्चाची मर्यादा घाला. वर १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका.

जाहिरात आधी तपासली जाते, बहुतेक वेळा २४ तासांच्या आत. फोटो आपल्याच शेताचा असावा. ‘बिबट्या हमखास दिसणार’ असलं काही लिहू नये. बिबट्या जुन्नरचा असला तरी तो वेळ ठरवून येत नाही, आणि खोटी हमी देणारी जाहिरात यंत्रही अडवतं.

मग हात आवरायचा. हा भाग सगळ्यात अवघड! यंत्र शिकत असतं. आठवड्यात साधारण ५० निकाल हाती आले की त्याचा अंदाज बसतो. मध्येच फोटो, बजेट, टाचणी मोठ्या प्रमाणात बदललं तर शिकवणी पहिल्यापासून. दिवसाला दोनशे रुपयांत ५० बुकिंग होणार नाहीत, म्हणून सुरुवातीला निकाल सोपा निवडावा, व्हॉट्सॲपवर आलेली विचारणा हा माझ्या मते सगळ्यात बरा. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते मार्च, तेव्हा शिकवणीचे आठवडे त्याआधीच उरकलेले बरे.

जाहिरात चालू झाली की पेजच्या इनबॉक्समध्ये एखादा पाहुणा येईल. कंपनीचं चिन्ह लावून इशारा देईल: तुमच्या पेजविरुद्ध तक्रार आहे, २४ तासांत या लिंकवर खात्री करा, नाहीतर पेज बंद. लिंक दाबायची नाही, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. खरी अडचण असेल तर ती खात्यात आत गेल्यावर दिसतेच. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. जितका लवकर, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.