कंपन्यांच्या पैशातून मोफत प्रशिक्षण : तुमच्या धंद्याला त्याचा फायदा कसा करून घ्याल?



"सर, आमच्या एमआयडीसीत एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांच्या सीएसआरमधून मला धंद्याला भांडवल मिळेल का?" हा प्रश्न हमखास येतो. सरळ उत्तर देतो : त्या आशेवर थांबू नका. पण त्याच पैशातून तुम्हाला हुनर मिळू शकतं आणि तयार माणूसही मिळू शकतो. कसं ते बघूया.

हा पैसा येतो कुठून?

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. म्हणजे सरासरी नफा ५० कोटी असेल तर वर्षाला १ कोटी. रोजगारासाठी कौशल्य शिकवणं हे त्या कामांच्या यादीत आहे. आणि कंपनी जिथे काम करते, त्या परिसराला प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो.

मात्र हे काम कंपनी स्वतः करते किंवा नोंदणीकृत ट्रस्ट, संस्था यांच्यामार्फत करते. एखाद्याच्या खाजगी दुकानाला चेक देण्याची ही सोय नाही.

१. आधी स्वतः शिका

कंपनीला आपले मंजूर सीएसआर प्रकल्प वेबसाईटवर टाकावेच लागतात. तुमच्या जवळच्या पाच कंपन्यांची नावं काढा आणि त्यांचं सीएसआर पान वाचा. एसी दुरुस्ती, वेल्डिंग, शिवणकाम, ब्युटी पार्लर, काय चालू आहे ते कळेल.

ज्यांना नोकरी नकोच, धंदाच करायचाय, त्यांनी जिल्ह्यातली 'आरसेटी' गाठा. १९८२ मध्ये कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे इथे धर्मस्थळाचा ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून 'रुडसेटी' सुरू केली. त्याच धर्तीवर आता देशभर बँका या संस्था चालवतात. ग्रामीण तरुणांसाठी राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. कोर्स संपल्यावर कर्जाच्या कामात आणि धंदा उभा करायलाही मदत करतात. पण कर्ज हे कर्जच आहे, ते फेडायचंय. म्हणून आधी हिशोब मांडा, मग सही करा.

२. मग शिकलेला माणूस घ्या

गावाकडचा मुलगा तीन महिने शिकतो, शहरात नोकरीला लागतो. पगारातून खोलीभाडं आणि मेसचे पैसे गेले की हातात काय उरतं? त्यातले काही जण परत येतात. हातात काम आहे, पण गावात देणारा कोणी नाही. तो देणारा तुम्ही होऊ शकता. प्रशिक्षण केंद्रात जाऊन सांगा, "मला एक वायरमन हवाय, एवढा पगार देतो." केंद्रालाही मुलं कामाला लावायची असतात, ते तुमचं ऐकतील.

तुमच्याकडे चार किंवा जास्त माणसं असतील तर तुम्ही ॲप्रेंटिसही घेऊ शकता. ३० पासून पुढे ते बंधनकारक आहे. राष्ट्रीय योजनेत नोंदणी केली तर त्याच्या विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार उचलतं.

"शिकवला आणि पळाला तर?" ही भीती खरी आहे. पण न शिकवता ठेवलेला माणूस रोज गिऱ्हाईक पळवतो, त्याचाही हिशोब धरा ना!

प्रवेश घेण्याआधी चार प्रश्न विचारा

- हाताने काम किती तास, आणि नुसतं फळ्यावर किती?
- प्रमाणपत्र कोण देतं?
- मागच्या बॅचमधली मुलं आज कुठे आहेत? दोघांशी फोनवर बोलायला मिळेल का?
- कोर्स संपल्यावर विचारपूस कोण करणार?

आणि कंपनीचं नाव सांगून कोणी "नोकरीची गॅरंटी, आधी पैसे भरा" म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका. आधी कंपनीच्या ऑफिसात विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ : पाच कंपन्या, एक आरसेटी, एक प्रशिक्षण केंद्र. सात ठिकाणी चौकशी करून वहीत लिहा. प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, पण गल्ल्यात पैसा येईल तो पहिल्या गिऱ्हाईकामुळेच. तेव्हा शिकता शिकताच ते शोधायला लागा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!