जुन्या मावळ्यांचा रंग काढायचा? आधी नग ओळखा, मग भाव सांगा



दिवाळी संपली की किल्ल्यावरचे मावळे खोक्यात जातात. पुढच्या वर्षी बाहेर काढले की कुणाच्या पागोट्याचा रंग उडालेला, कुणाची ढाल पांढरी पडलेली. शिरूर-दौंडकडे घरोघरी हे चित्र आहे. त्यात गौरीचे मुखवटे, धातूच्या छोट्या गाड्या, शोकेसमधलं रेल्वे इंजिन धरा. हे रंगवून देण्याचं काम घरबसल्या सुरू करता येतं. पण खरी मेहनत नवीन रंग देण्यात नाही, जुना काढण्यात आहे.

पहिली पायरी: वस्तू कशाची आहे?

तळाशी, न दिसणाऱ्या जागी नखाने खरवडून बघा. पांढरी भुकटी निघाली तर प्लास्टर. मातकट निघाली तर शाडू. हाताला गार आणि जड लागलं तर धातू. हलकं असेल तर बहुतेक प्लास्टिक.

प्लास्टिक: थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही. बऱ्याच प्लास्टिकचे नग त्यात विरघळतात, चेहरा सपाट होतो. केमिकलच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते घ्या. आधी कापसाने तळाला लावून दहा मिनिटं थांबा. प्लास्टिक मऊ किंवा चिकट झालं नाही, तर झाकणाच्या काचेच्या बरणीत काही तास बुडवा. मग जुन्या टूथब्रशने हलकं घासा आणि साबणाच्या पाण्याने धुवा. ॲक्रिलिक रंग बहुतेक निघतो. ऑइल पेंट अडून बसला तर हट्ट करू नका, ओल्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करून वरून प्रायमर मारा. हे द्रव पटकन पेट घेतं, त्यामुळे गॅस, दिवा, उदबत्ती लांब ठेवा.

धातू: चाकं, काचा असे प्लास्टिकचे भाग आधी सोडवा. मग हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर वापरा. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. कॉस्टिक सोडा मात्र नको. छोट्या गाड्या बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, आणि जस्त, ॲल्युमिनियम दोन्ही कॉस्टिकने खाल्ले जातात.

शाडू आणि प्लास्टर: पाण्यात बुडवायचंच नाही. शाडू विरघळतो, प्लास्टर भुसभुशीत होतं. सुटलेले पापुद्रे ओलसर ब्रशने काढा, खड्डे भरा, वाळू द्या, प्रायमर मारा. इथे पूर्ण रंग काढायच्या नादी लागू नका.

शिशाचं भान ठेवा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका. स्वयंपाकघरात आणि लहान मुलांजवळ हे काम नको. काम झालं की हात साबणाने धुवा. गाळ गटारात ओतू नका. अल्कोहोल कापडातून गाळलं की पुन्हा वापरता येतं.

आता हिशोब. समजा २० मावळ्यांचं खोकं आलं. रंग काढायला दीड तास, रंगवायला तीन तास. तासाला १०० रुपये धरले तर मजुरी ४५०, सामान ९०. एकूण ५४० रुपये, म्हणजे नगाला २७. आणि यात तुमचा नफा अजून धरलेलाच नाही! तसाच नवा मावळा दुकानात तीस रुपयांना मिळत असेल तर गिऱ्हाईक तुमच्याकडे कशाला येईल?

म्हणून जे बाजारात पुन्हा मिळत नाही तेच काम घ्या: सासूबाईंकडून आलेले गौरीचे मुखवटे, आजोबांनी आणलेली गाडी. तिथे गिऱ्हाईक भावाची घासाघीस कमी करतं, पण तुमची जबाबदारी दुप्पट होते. म्हणून तीन नियम पाळा:

१. काम घेताना चारही बाजूंनी फोटो काढा.
२. "जुना रंग पूर्ण काढायचा की फक्त डागडुजी?" हे विचारून पावतीवर लिहा आणि सही घ्या. काही जणांना तो जुना रंगच मोलाचा असतो.
३. रंग काढण्याची मजुरी वेगळी लावा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या.

मुखवट्यांचं काम श्रावण लागायच्या आत घ्या. गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी ओला रंग हातात देऊन चालत नाही.

सुरुवात स्वतःच्या घरातल्या पाच जुन्या नगांपासून करा. प्रत्येकाला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. ती वहीच तुमचं दरपत्रक ठरवेल.